मेळघाटातील शाळा आणि आरोग्याचा पाठ

आरोग्य हा विषय आपल्या प्राथमिक शाळांस नवा नाही. नखे कापावीत, दात घासावेत, पाणी उकळून प्यावे, ताजे व सकस अन्न खावे ही वाक्ये पिढ्यान्‌पिढ्या पाठ्यपुस्तकांतून चालत आली आहेत, आणि ती चुकीची आहेत असे कोणीही म्हणणार नाही. परंतु धारणी व चिखलदरा ह्या दोन तालुक्यांतील, म्हणजे मेळघाटातील शाळांना भेटी देताना एक गोष्ट वारंवार ध्यानात येते. मुलांना ही वाक्ये तोंडपाठ असतात. आणि त्यांच्या घरापर्यंत त्यांतील एकही वाक्य पोहोचलेले नसते. असे का होते, आणि ते होऊ नये म्हणून शिक्षकाने काय करावे, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

पाठ कोठे अडतो

एका शाळेत चौथीच्या वर्गात एका मुलीने “पाणी उकळून व गाळून प्यावे” हे उत्तर न अडखळता दिले. “तुझ्या घरी पाणी कोण उकळते?” असे विचारताच ती गप्प झाली. वर्गही गप्प झाला. थोड्या वेळाने मागच्या रांगेतील एक मुलगा कोरकूत काही बोलला आणि सगळी मुले हसली. गुरुजींनी त्याचा अर्थ सांगितला. लाकूड आई डोक्यावरून आणते, चूल एकच, भांडे एकच. पाणी उकळले तर भात कशात शिजवावयाचा, असे त्याचे म्हणणे होते.

त्या मुलाचे म्हणणे हसण्यासारखे नव्हते. आपण शिकवीत असलेला नियम ज्या घरासाठी लिहिला गेला त्या घरात इंधन मुबलक आहे, भांडी पुष्कळ आहेत, आणि पाणी उकळून थंड करण्याइतकी सवड आहे. सातपुड्याच्या कुशीतील वस्तीत ह्यांपैकी काहीच नसते. अशा घराला अशक्य नियम सांगितला की, ते घर तो नाकारीत नाही. ते तो ऐकून घेते आणि सोडून देते. पुढे त्याच तोंडून निघालेला शक्य नियमही तसाच सोडून दिला जातो. खरी हानी ही आहे.

म्हणून पहिले तत्त्व असे की, आरोग्याचा पाठ नियमापासून न आरंभिता घरापासून आरंभावा. पाणी कोठून आणतात, कशात साठवितात, कशाने काढतात, हे आधी मुलांकडून समजून घ्यावे. मग असे दिसून येईल की, उकळणे अवघड असले तरी दुसऱ्या कितीतरी गोष्टी सोप्या आहेत. दुहेरी स्वच्छ कापडाने पाणी गाळता येते. आशाताईंकडून किंवा आरोग्य उपकेंद्रातून क्लोरीनचे द्रावण मिळाले, तर ते सांगितलेल्या प्रमाणात घालून अर्धा तास थांबता येते. मडके झाकून ठेवता येते, आणि हात बुडवून पाणी काढण्याऐवजी लांब दांड्याचे ओगराळे वापरता येते. ह्या शेवटच्या गोष्टीला लाकूड लागत नाही, आणि पैसा लागला तरी थोडाच. तरीही ह्या ओगराळ्याचे चित्र आपल्या शाळेच्या भिंतीवर क्वचितच आढळते. तेथे बहुधा सफरचंद व द्राक्षे असतात.

भाषेचा प्रश्न

दुसरी अडचण भाषेची आहे, आणि ती आपण समजतो त्याहून खोल आहे. मराठी व हिंदी ह्या एका कुळातील भाषा होत. कोरकू ही त्या कुळातील नाही. ती मुंडा कुळातील भाषा आहे. मराठी मुलाला हिंदी जितकी जवळची वाटते, तितकी मराठी कोरकू मुलाला वाटत नाही. कोरकूत पाण्याला ‘डा’ म्हणतात. ‘पाणी’ ह्या शब्दाशी त्याचे काहीच साम्य नाही. पहिलीतील जे मूल ‘पाणी’ हा शब्दच नव्याने शिकत आहे, त्याला ‘जंतुसंसर्ग’, ‘सकस’, ‘प्रतिबंध’ हे शब्द सांगून काय उमगणार?

हा प्रश्न मुलापुरता नाही. दवाखान्यात आलेल्या मातेला औषध कितीदा द्यावयाचे हे मराठीत सांगितले जाते. ती मान हलविते आणि घरी जाते. मान हलविणे म्हणजे समजणे नव्हे, ही गोष्ट शिक्षकास इतर कोणाहीपेक्षा अधिक ठाऊक असते. म्हणून मेळघाटातील प्रत्येक शिक्षकाने निदान आरोग्यापुरते शंभर कोरकू शब्द शिकावेत, असे सुचवावेसे वाटते. शरीराचे अवयव, ताप, खोकला, जुलाब, दुखणे, दूध, अन्न, आज, उद्या, सकाळ, रात्र हे शब्द मुलेच आनंदाने शिकवितील. ज्या दिवशी गुरुजी चुकत-माकत कोरकू बोलतात, त्या दिवशी वर्गाची भीड मोडते. आणि भीड मोडल्यावाचून घरातील आजाराची गोष्ट कोणतेही मूल सांगत नाही.

चालीरीतींकडे कसे पाहावे

आदिवासी समाजाच्या चालीरीतींविषयी बोलताना आपल्यापैकी पुष्कळांचा सूर नकळत उपहासाचा होतो. तो टाळावा. प्रत्येक समाजाच्या चालींचे तीन भाग पाडता येतात : हितकारक, निरुपद्रवी आणि अपायकारक. तिघांना एकच मोजमाप लावणे हा अन्याय आहे.

हितकारक चालींची यादी लहान नाही. कोदो, कुटकी ह्यांसारखी भरड धान्ये, पावसाळ्यात रानातून आणलेल्या पालेभाज्या, मुलाला दीर्घकाळ अंगावर पाजणे, ह्या गोष्टी आरोग्यशास्त्राच्या कसोटीस उतरतात. त्यांची प्रशंसा वर्गात मोकळेपणाने करावी. आपल्या घरचे अन्न हलके समजून मुलांनी दुकानातील बिस्किटांच्या मागे लागावे, असे शाळेकडून होता कामा नये. दंडात दोरा बांधणे, देवाला नवस बोलणे ह्या चाली निरुपद्रवी होत. दोरा बांधून मूल दवाखान्यात येत असेल, तर दोऱ्याला हात लावण्याचे आपणास काही कारण नाही.

अपायकारक चाली थोड्या आहेत, पण त्या जिवाशी खेळणाऱ्या आहेत. तान्ह्या बाळाचे पोट फुगले असता तापलेल्या विळ्याने पोटावर डागण्या देणे ही त्यांतील सर्वांत क्रूर चाल. काही घरांत बाळंतिणीचे पहिले चिकाचे दूध टाकून देतात. काही घरांत गर्भवतीला कमी जेवू घालतात, कारण मूल मोठे झाले तर बाळंतपण जड जाईल अशी भीती असते. ह्या तिन्ही चालींच्या मुळाशी दुष्टपणा नाही, भीती आहे. पोट फुगलेले बाळ रात्रभर रडत असते, दवाखाना दूर असतो, पुराने ओढा भरलेला असतो. त्या वेळी घरातील वडीलधारी माणसे आपल्याला ठाऊक असलेला एकच उपाय करतात. त्यांच्या मायेविषयी शंका घेऊन आपण बोलू लागलो, तर संवाद तेथेच संपतो.

जादूटोणा व अघोरी प्रथांविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ साली कायदा झाला, आणि तो आवश्यकच होता. परंतु केवळ कायद्याचा धाक घातला, तर डागलेले बाळ दवाखान्यात न आणता घरात लपवून ठेवण्याचा धोका संभवतो, आणि मग जखम चिघळून जे व्हावयाचे ते होते. शिक्षकाने सांगावयाची गोष्ट अशी : पोट फुगणे, दूध न ओढणे, अंग गार पडणे किंवा तापणे ही जंतुदोषाची चिन्हे असू शकतात, डागण्याने तो दोष जात नाही, उलट जखमेची भर पडते, आणि अशा बाळाला उराशी धरून, उबेत ठेवून, त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे लागते. आधी डागले असले तरीही न्यावे, तेथे कोणी रागावणार नाही, हे वाक्यही सांगावे. आणि ते खरे ठरावे म्हणून उपकेंद्रातील परिचारिकेशी आधी बोलून ठेवावे.

ह्या कामी गावचा भूमका आपला वैरी नव्हे. लोक प्रथम त्याच्याकडे जातात, ही वस्तुस्थिती आहे. “तुमची पूजा करा, पण बाळ दूध ओढीत नसेल तर त्याच दिवशी पाठवा” असे त्याला मानाने सांगणारा शिक्षक भाषणे करणाऱ्या दहा जणांपेक्षा अधिक काम करील.

गडचिरोलीचा धडा

शिक्षणाने खरोखर जीव वाचतात काय, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर विदर्भाच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोली जिल्ह्यात मिळालेले आहे. तेथे डॉ. अभय व डॉ. राणी बंग ह्यांनी स्थापिलेल्या ‘सर्च’ ह्या संस्थेने गावातल्याच, थोडेफार शिकलेल्या स्त्रियांना नवजात बालकाची काळजी घेण्याचे शिक्षण दिले. बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, जंतुदोषाची चिन्हे ओळखणे आणि ठरलेले उपचार करणे हे काम ह्या आरोग्यदूतांनी घरोघरी जाऊन केले. ३९ गावांतील ह्या प्रयोगाचा वृत्तांत १९९९ साली ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने नवजात मृत्यूंचे प्रमाण तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटल्याचे त्यात दिसून आले. पुढे २०११ पासून देशभर आशा कार्यकर्त्यांच्या गृहभेटींत ही पद्धत स्वीकारण्यात आली. दवाखान्यात बाळंतपण झाले असल्यास ३, ७, १४, २१, २८ व ४२ ह्या दिवशी, आणि घरी झाले असल्यास ह्यांखेरीज पहिल्या दिवशीही आशाताईने बाळ पाहावे, असा नियम आहे.

शिक्षकांच्या दृष्टीने ह्या प्रयोगातील महत्त्वाची गोष्ट अशी की, ज्या स्त्रियांनी हे काम केले त्या मोठ्या पदवीधर नव्हत्या. त्या गावच्या होत्या, गावची भाषा बोलत होत्या, आणि त्यांना थोड्याच गोष्टी, पण अचूक व पुनःपुन्हा करवून शिकविल्या गेल्या होत्या. आपल्या वर्गातील सातवीची मुलगी आणखी काही वर्षांनी अशीच आशाताई, अंगणवाडीताई किंवा आई होणार आहे.

ऋतूप्रमाणे पाठ

पाठ्यपुस्तकातील आरोग्याचे धडे ज्या क्रमाने येतात, त्या क्रमाने मेळघाटात आजार येत नाहीत. म्हणून वर्षाची आखणी ऋतूप्रमाणे करावी.

जून व जुलै महिन्यांत पाणी व जुलाब हा विषय घ्यावा. जुलाब झालेल्या मुलाचे पाणी तोडू नये; अंगातले पाणी व क्षार निघून जाण्यानेच मृत्यू ओढवतो. ओ.आर.एस.ची पुडी मिळाल्यास ती संपूर्ण एक लिटर पाण्यात विरघळवावी. अर्धी पुडी पेल्यात घालणे चूक आहे. पुडी नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. साखरही नसल्यास तांदळाची किंवा कुटकीची पातळ पेज, किंचित मीठ घालून, पाजीत राहावे. जस्ताच्या गोळ्या जुलाब थांबला तरी १४ दिवस द्यावयाच्या असतात. येथे अडचण येते ती ‘एक लिटर’ ह्या शब्दाची. तेव्हा मुलांना घरचे एकेक भांडे आणण्यास सांगावे, लिटरच्या बाटलीने त्यात पाणी ओतावे, आणि पाणी जेथवर येईल तेथे खूण करावी. हा गणिताचाही पाठ होतो, आणि ती खूण घरी जाते.

ऑगस्ट व सप्टेंबर हे मेळघाटातील कठीण महिने. जुने धान्य संपत आलेले असते, नवे आलेले नसते, वाटा बंद होतात, आणि हिवताप वाढतो. ह्या काळात ताप आल्यास रक्ताची तपासणी त्याच दिवशी करून घ्यावी आणि औषधाचा क्रम पुरा करावा, हे शिकवावे. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरहून कमी भरल्यास ते तीव्र कुपोषित समजले जाते; वरच्या वर्गांतील मुलांना अंगणवाडीत नेऊन ही पट्टी कशी लावतात ते दाखवावे. कुपोषित बालक साध्या आजारानेही दगावते, हे त्यांना तेव्हा डोळ्यांनी उमगते. वैद्यकीय मदतीसाठी १०८ हा क्रमांक सर्वांना पाठ असावा. आणि वस्तीत फोन लागत नसेल, तर तो कोणत्या टेकडीवर लागतो, रात्री तेथे कोण जाईल, हेही वर्गात ठरवून ठेवावे.

दिवाळीनंतर अनेक कुटुंबे मजुरीसाठी खाली मैदानात व परमुलखात उतरतात, होळीला परततात आणि पुन्हा जातात. जाण्यापूर्वीचा पाठ एकच : माता व बाल संरक्षण कार्ड गाठोड्यात बांधून न्यावे. त्या कार्डावर लसींची नोंद असते, आणि परक्या गावच्या दवाखान्यात ते कार्डच मुलाच्या वतीने बोलते.

थंडीत फुप्फुसाचा दाह, म्हणजे न्यूमोनिया, हा बालकांचा मोठा शत्रू. शांत असलेल्या बालकाचा श्वास पूर्ण एक मिनिट मोजावा. दोन महिन्यांच्या आतील बाळाचा ६० किंवा अधिक, एक वर्षाच्या आतील बाळाचा ५० किंवा अधिक, आणि पाच वर्षांच्या आतील मुलाचा ४० किंवा अधिक भरल्यास, अथवा श्वास घेताना छाती खाली ओढली जात असल्यास, ताबडतोब दवाखाना गाठावा. सातवीचे विद्यार्थी एकमेकांवर हे मोजणे सहज शिकतात. जंतनाशक गोळी शाळा-अंगणवाड्यांतून देण्याची राष्ट्रीय मोहीम २०१५ साली सुरू झाली. त्या दिवशी गोळी वाटून भागत नाही. ती चावून खाल्ल्याची खात्री करावी, आणि जंत कोठून येतात हे शौचालय, अनवाणी पाय व हात धुणे ह्यांच्या अनुषंगाने सांगावे. साबण नसेल तेथे राखेने हात धुणेही न धुण्यापेक्षा बरे.

एका आजाराविषयी मात्र शिक्षकाने वर्षभर सावध असावे. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार विदर्भातील व सातपुड्यातील अनेक समाजांत आढळतो. त्याच्या निर्मूलनासाठी राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले. आईबाप दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याचा संभव चारांत एक असतो. वर्गातील एखादे मूल वारंवार सांधे दुखतात म्हणून रडते, दमते, डोळे पिवळसर दिसतात, महिन्यातून चार दिवस येत नाही. अशा मुलास आळशी ठरविण्यापूर्वी त्याचे रक्त तपासून घ्यावे. छडीने ह्या दुखण्यात भरच पडते. त्याला भरपूर पाणी पिऊ द्यावे, थंडीत कवायतीतून सूट द्यावी, आणि त्याचे दुखणे वर्गात चर्चेचा विषय होऊ देऊ नये.

मूल निरोप्या आहे, पहारेकरी नव्हे

शेवटी एक इशारा देणे आवश्यक वाटते. मुलांमार्फत घर सुधारण्याच्या उत्साहात आपण कधीकधी मुलावर त्याला न पेलणारे ओझे टाकतो. “घरी कोण दारू पितो, कोण उघड्यावर जातो, ते उद्या सांगा” असे विचारणे गैर आहे. मूल आजीच्या शब्दाविरुद्ध उभे राहू शकत नाही, आणि त्याने तसे राहावे अशी अपेक्षाही करू नये. मुलाने खूण केलेले भांडे घरी न्यावे, श्वास मोजण्याची रीत आईला दाखवावी, निरोप पोहोचवावा. मोठ्यांशी बोलण्याचे काम मोठ्यांचे आहे. ते शिक्षकाने, आशाताईने व अंगणवाडीताईने मिळून, पालकसभेत किंवा त्याहून बरे म्हणजे घराच्या ओट्यावर बसून करावे.

शिक्षणाने सर्व काही होईल, असाही भ्रम नसावा. रिकाम्या कोठीला सकस आहाराचा पाठ भरू शकत नाही. मेळघाटातील बैरागड येथे वैद्यकीय सेवा करणारे डॉ. रवींद्र व डॉ. स्मिता कोल्हे ह्यांना २०१९ साली पद्मश्री मिळाली. रोगाचे मूळ दारिद्र्यात आहे हे ओळखून त्यांनी दवाखान्याबरोबर शेतीतही लक्ष घातले, ही गोष्ट आपणां सर्वांस विचार करावयास लावणारी आहे. तेव्हा गर्भवती व स्तनदा मातांसाठी २०१५ पासून असलेली अमृत आहार योजना, शाळेतील पोषण आहार, लसीकरणाचे दिवस ह्यांची माहिती देणे आणि त्या गावात नीट चालतात की नाही हे पाहणे, हाही आरोग्यशिक्षणाचाच भाग होय. जे शाळेत शिकविले ते गावात मिळाले नाही, तर मुले शाळेलाच खोटे समजतील.

येत्या वर्षी प्रत्येक शाळेने निदान तीन गोष्टी कराव्यात अशी विनंती आहे : शिक्षकांनी शंभर कोरकू शब्दांची वही करावी, प्रत्येक घरी लिटरची खूण केलेले एक भांडे असावे, आणि आजारी बाळाला त्याच दिवशी दवाखान्यात कसे न्यावयाचे ह्याची तजवीज पावसाळ्यापूर्वी गावाशी बोलून ठरलेली असावी. पुढील भेटीच्या वेळी भिंतीवरील तक्ते पाहण्याआधी ही वही व हे भांडे पाहण्यात येईल.